झाकणावरचं नाव

जानेफळच्या शालूआत्यानं ट्रंकेतून डबी काढून आल्हादच्या हातावर ठेवली, आणि आतलं घड्याळ पाहताच तो खिडकीच्या उजेडाकडे सरकला. बुलढाण्याच्या कोर्टात कारकुनी करणारा हा गृहस्थ जुन्या डिजिटल घड्याळांपायी निम्मा वेडा झालेला. खोट्या मालावर हात पोळून घेत घेतच त्याची नजर तयार झाली होती. ती नजर आता सांगत होती, हे अस्सल आहे. काळी काच, बटण दाबलं तरच लाल आकडे उजळणारं, अगदी पहिल्या काळातलं घड्याळ. आत्याच्या वारलेल्या यजमानांना, भगवानरावांना, ते कुणी कुवेतहून आणून दिलेलं. शेतकरी माणूस, मनगटाला कधी लावलंच नाही.

आल्हादनं ते उलटं केलं. मागच्या झाकणावर कारखान्याचा निळा कागद अजून चिकटलेला होता! घड्याळं मिळतात हो, पण हात न लागलेलं झाकण मिळत नाही, आणि खरी किंमत तिथंच असते.

"काही कामाचं हाय का रे हे?" आत्यानं विचारलं.

आल्हादनं चेहरा पाडला. कोर्टात राहून ही कला त्याला चांगली साधली होती. "कशाचं कामाचं, आत्या! बंद पडेल हाय. फुकट बी कोनी नेनार नाही. मले आपला नाद, म्हून आवडते."

"मंग तुलेच देतो. पन ह्यायचं वर्षश्राद्ध होऊ दे, मंग ने."

घरी येऊन त्यानं समोरून काढलेला फोटो मुंबईच्या एका संग्राहकाला पाठवला. लगेच फोन आला. "मागचं झाकण जसंच्या तसं असेल, तर सांगाल ती किंमत देतो." त्या दिवसापासून आल्हादनं मनातल्या मनात घर बांधायला घेतलं. आत्याला खरं सांगावं असं एक-दोनदा वाटलंही, पण घराच्या खिडक्या ठरवता ठरवता ते राहून गेलं.

वर्षश्राद्धाची जेवणं आटोपली. आत्या एकेका पाहुण्याच्या हातात स्टीलची वाटी देत होती. प्रत्येक वाटीवर नाव घातलेलं, 'कै. भगवानराव यांच्या स्मरणार्थ'. आल्हादजवळ येऊन तिनं डबी दिली.

त्यानं अधीरपणे घड्याळ उलटं केलं. निळा कागद गायब. झाकण राखेनं घासून लख्ख केलेलं, आणि त्यावर मशीननं खोल कोरलेलं: 'कै. भगवानराव यांच्या स्मरणार्थ. चि. आल्हाद यास, शालूआत्याकडून.'

"आत्या, हे... हे काय केलं?"

"वाट्यायवर नाव टाकाले गेलतो, त्यातच हेबी देल्लं. दुकानवाला म्हने, बाई, घड्याळावर कोनी नाव टाकते का? म्या म्हटलं, टाक. माह्या भाच्याचा जीव हाय त्याच्यावर, चोरीले जाऊ नये." आत्या आनंदानं त्याच्याकडे पाहत होती. "काऊन रे, नाव चुकलं का?"

नाव बरोबर होतं. अगदी काना-मात्रेसकट बरोबर होतं.

खिशात फोन थरथरला. मुंबईहून निरोप होता: 'झाकणाचा फोटो पाठवा.' आल्हादनं फोन तसाच परत खिशात टाकला. तो मटकन ओसरीवर बसला.

त्याचा उतरलेला चेहरा आत्यानं पाहिला. ती लगबगीनं आत गेली, एक वाटी घेऊन आली आणि त्याच्या दुसऱ्या हातात दिली.

"हेबी ठेव, बाबू," ती हळूच म्हणाली. "घड्याळाची तं काही किंमत नाही म्हने ना तू. तुलेच कमी देल्लं, असं नको वाटाले."