न घेतलेल्या गोळ्या

दिशाच्या हृदयात धातूची झडप बसवून चार वर्षं झाली होती. लहानपणी तापात सांधे सुजले, तो ताप घरच्यांनी अंगावर काढू दिला आणि एकविसाव्या वर्षी झडप बदलावी लागली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज संध्याकाळी आणि महिन्याला पालघरला रक्ततपासणी. दात घासताना हिरड्यांतून रक्त येई. खाटेचा कोपरा लागला तरी मांडी आठवडाभर काळीनिळी राही. पालघरजवळच्या माहीमच्या वाडीत सासू तिला कोयत्याला हात लावू देत नसे.

ललितने हे सगळं जाणूनच लग्न केलं होतं. तो तारापूरच्या कारखान्यात पाळीने कामाला जाई. शेजारी बसला की त्याला तिच्या छातीतली टिकटिक ऐकू येई.

मार्चमध्ये पाळी चुकली. दिशाने ते आधी सासूला, जमनाला सांगितलं. मूल हवं असेल तर आधी मला भेटा, औषध बदलावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण भेटलो तर ते नकोच म्हणतील, या धाकाने दिशा गेलीच नव्हती. ही गोळी पोटातल्या गर्भाला बाधते, असं जमनाने कुठेतरी ऐकलं होतं. ते खोटंही नव्हतं.

"मग तीन महिने घेऊ नको," जमना म्हणाली. "इतकी वर्सं घेतलीस, अंगात मुरली आसंल. ललितला पन आताच काय सांगू नको."

पहिले दहा दिवस बरे गेले. हिरड्यांतलं रक्त थांबलं, मांडीवरचे डाग पुसट झाले. दिशाला वाटू लागलं, गोळीच आपल्याला आजारी ठेवत होती. तिसऱ्या आठवड्यात मात्र विहिरीपासून ओट्यापर्यंत येताना तिला दोनदा थांबावं लागलं. पहिलटकरणीला असं होतंच, असं सांगून जमनाने तिला पेज पाजली. मग पाय सुजले. आडवं झालं की खोकला येई, म्हणून दिशा भिंतीला टेकून झोपू लागली.

रविवारी दुपारी वीज गेली, पंखा थांबला. जेवून ललित तिच्या शेजारी बसला होता. त्याने थोडा वेळ कान दिला, मग तिच्या पाठीला कान लावला. आवाज होता, पण जाड कापडात गुंडाळल्यासारखा.

"गोळी घेतेस ना?"

दिशाने सासूकडे पाहिलं.

"नाय घेत," जमना म्हणाली. "मीच सांगितलं. ती गरोदर हाय."

 ललित रिक्षा आणायला धावला.

पालघरच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि लगेच मुंबईला न्यायला सांगितलं. रुग्णवाहिकेत दिशा आडवी होऊ शकत नव्हती. ललितच्या खांद्याला धरून ती बसल्या बसल्या श्वास ओढत होती. जमना समोर होती. मायलेकांनी वाटभर एकमेकांकडे पाहिलं नाही.

मुंबईच्या तपासणीत दिसलं, झडपेची एक पाकळी हलतच नव्हती, तिच्यावर रक्ताची गाठ धरली होती. गाठ विरघळवणारं औषध देता येईल, पण तुकडा मेंदूत जाऊ शकतो, मूल जाऊ शकतं, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ललितने सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाकळी हलली. गर्भाचे ठोकेही दिसले. पण धोका टळला, असं कुणीच म्हणालं नाही.

आता घरी गोळीऐवजी रोज दोनदा पोटाच्या कातडीखाली रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन असतं. ललित कामावर असला की ते जमनाच देते. आधी ती सुई धरून बराच वेळ नुसती बसते. दिशा शेवटी म्हणते, "द्या ना आई," तेव्हा कुठे टोचते.

चौथा महिना लागला. शेजारची दीपा परवा मऊ कापडाचं झबलं शिवून घेऊन आली. जमनाने ते दारातच घेतलं, घडी घातली आणि दिशाला न दाखवता कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या चादरींच्या मागे सारून ठेवलं.