बाबाचं डोकं

चहाची वापरलेली पिशवी अजून कोमट होती. बोटांत दाबल्यावर तिच्यातलं तांबूस पाणी निन्केच्या मनगटावरून पार कोपरापर्यंत ओघळलं, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं — कारण पिशवीला जी सुरकुती पडली होती ना, वर ताणलेली, खाली जरा फुगून लोंबणारी, ती तिनं कुठंतरी पाहिली होती, रोज बघत होती, जेवणाच्या टेबलापलीकडे... डोळ्याखाली! बाबाच्या डोळ्याखाली! ती अशी ताडकन उठली की स्टूल आडवं झालं आणि सायकलवर आपटलं, सायकलची घंटी आपली आपणच वाजली, आणि घरातून आई ओरडली, "काय पाडलंस गं?" — "काही नाही!" — आणि पुढच्या मिनिटाला पिशवी उलट्या बादलीवर ठेवलेल्या कागदाच्या डोक्याला चिकटलीसुद्धा.

चिकटली आणि डोकं एकदम जागं झालं.

निन्के दोन पावलं मागं सरली. अंगावर काटा. च्यायला, हे मी केलं?

आठवडाभर या शेडचं दार आतून बंद होतं. आज पाच डिसेंबर, संध्याकाळी घोड्यावरून छपराछपरांवर भेटी टाकत जाणाऱ्या सिंटरक्लासची भेटवस्तूंची बैठक, म्हणजे अख्ख्या गल्लीत प्रत्येक घरात कुणी ना कुणी असंच दार लावून बसलेलं, हाताला खळ, केसांत कागदाचे कपटे. टोपीतून चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव येईल त्या माणसासाठी घरातल्या टाकाऊ सामानातून काहीतरी सोंग उभं करायचं, त्याच्या पोटात भेट लपवायची, वर दोन ओळींत त्याची यथेच्छ टिंगल करायची आणि खाली सही ठोकायची: सिंटरक्लास. केलं कुणी ते बोलायचं नाही. आणि ज्याला मिळालं त्यानं रागवायचं नाही. भेट हवी तर सोंग फोडायचं, सगळ्यांदेखत.

तिच्या हातात चिठ्ठी आली होती: वीबे. म्हणजे बाबा.

तेव्हाच ठरलं होतं काय करायचं ते. सप्टेंबरात तिनं शाळा सोडली, दप्तर इथंच या खिळ्याला अडकवलं, त्या दिवशी बाबा बंदरावरून आला, लाकडी जहाजांच्या दुरुस्तीत उडालेल्या भुशानं भुवया पांढऱ्या झालेल्या, आणि एक बोट वर करून म्हणाला — "एक. तुझ्या हातून पूर्ण झालेली एक गोष्ट दाखव मला. सायकल अर्धी, स्वेटर अर्धा, आता शाळा अर्धी." तिनं कपाट आपटलं, तिच्या जिभेवर जे आलं ते सगळं ती बोलली, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलायचे ते फक्त मीठ दे, दार लाव एवढंच. तर आता घे, बाबा. पूर्ण गोष्ट. तुझंच डोकं. त्या दिवशीचं, भुवया आवळलेलं, तोंडाची सरळ रेघ झालेलं. आणि तूच फोड ते स्वतःच्या हातानं, आणि आम्ही हसतो.

पण ते डोकं काही ऐकत नव्हतं.

पहिल्यांदा तर ते बसलंच. फुग्यावर बाबाच्याच जुन्या पेपरांचे थर दिले आणि ते वाळायची वाट बघायची ती बघवली नाही, फुगा फोडला, तर कपाळ फसकन आत! तिनं त्याला लाथ घातली, ते कोपऱ्यात जाऊन पडलं. मग तासाभरानं तीच जाऊन ते घेऊन आली. मोडक्या चाकाचे स्पोक वाकवले, अंड्यांच्या ट्रेच्या पट्ट्या कापून त्यांवर गुंडाळल्या आणि आतून एकेक फासळी बसवली, खालून वर, सगळ्या सारख्या अंतरावर. त्या दिसणार कुणाला? कुणालाच नाही. तरी एक तिरकी बसली तेव्हा तिनं ती उपटून परत बसवली. मग भुवया — बुटांच्या ब्रशचे केस. डोक्यावरचे केस — काथ्याचं पायपुसणं, तेच, मागच्या दाराचं, त्याच रंगाचं, आणि हे सुचलं तेव्हा ती एकटीच खी खी हसली होती, पोट धरून.

आता ती रागाचं तोंड लावायला गेली. पुठ्ठ्याची सरळ रेघ, कोपरे खाली. बसवलं. बघितलं. छे. हा तर कुणीही माणूस झाला! पोस्टमन पण चालेल, शाळेतले गणिताचे सर पण चालतील. रागावलेला बाबा कुणासारखाही दिसत होता... तिनं तोंड उचकटलं. मग बाबा तोंडाचं काय करतो? म्हणजे रागावलेला नसतो तेव्हा? आणि तिच्या लक्षात आलं की तिला आठवतच नाहीये. सप्टेंबरापासून मी त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाहीये. शर्टाच्या गुंडीकडे बघून मीठ मागायची...

दारावर धपाधप. "उघड गं पोरी, माझे हात भरलेत!" हिस्केआत्या, बाबाची बहीण, चादरीत गुंडाळलेलं काहीतरी अवजड घेऊन. ती दरवर्षी आपलं सोंग यांच्या शेडमध्ये लपवायची. निन्केनं दार फटीएवढं उघडलं, पण आत्यापुढं फट म्हणजे काय, ती खांदा घालून आतच आली. आणि थबकली.

"अगं बाई! वीबे, तू इथं काय करतोयस?"

"आत्या, तू बघायचं नव्हतंस!"

"मी काहीच बघितलं नाही. आंधळी आहे मी." आणि आंधळी आत्या वाकून, कमरेवर हात ठेवून, अगदी जवळून बघायला लागली. "तोंड कुठाय?"

"सापडत नाहीये."

"खरं आहे, तोंड लहानपणापासून त्याचं त्यालाच सापडत नाही." आत्या हसली आणि मग हसू थांबवून म्हणाली, "एवढा दमलेला का केलायस गं त्याला?"

"दमलेला नाहीये तो. रागावलाय."

"बरं बाई. रागावलाय." आणि ती गेली, मागं नुसता तिच्या अत्तराचा वास.

निन्के धुमसत राहिली. दमलेला! तिनं चहाची पिशवी उपटायला हात नेला, आणि नेमकं तेव्हा फाटकाचा आवाज झाला. बाबा आज लवकर आला होता. तिच्या छातीत धडधडायला लागलं. घाबरून नव्हे... हवाय तो माणूस समोरून चालत आला, आता बघता येईल! ती हात ओले तसेच घेऊन स्वयंपाकघरात घुसली.

तो नळाखाली हात चोळत उभा होता. कानावर पेन्सिल. ती खणात कात्री शोधायला लागली, जी तिच्याच खिशात होती, आणि तिरक्या नजरेनं बघत राहिली. कान. डावा कान पेन्सिलीनं पुढं वाकलाय, कायमचा, पेन्सिल काढली तरी तो तसाच राहत असणार. आणि तोंड... हे काय, तोंड हलतंय! आतला गाल तो चावतोय, एका बाजूनं, हळूहळू, हातांकडे बघत. म्हणजे तोंड सरळ नाहीच. एक कोपरा आत ओढलेला. सुई-दोरा! एक टाका घातला की झालं!

"काय बघतेस?" बाबा म्हणाला.

"कात्री."

"माझ्या कानात आहे का कात्री?" त्यानं तिच्या हातांकडे बघितलं. "खळ आहे ती? पाचला बसायचंय. होणारे का पूर्ण, की हेही आपलं..."

"होईल!" ती एवढ्या मोठ्यांदा ओरडली की आई जिन्यात थांबली.

शेडमध्ये येऊन तिनं मूठ उचलली. त्याच्या त्या कपाळावर, बरोबर मधोमध. डोक्यानं तिच्याकडे बघितलं, फुगीर डोळ्यांनी, बिनतोंडाचं. मूठ तिथंच राहिली. आधी कान, ती स्वतःशी म्हणाली, आधी तो कान वाकवते, मग बघू... आणि कान वाकवला, गालात टाका घातला, दोरा ओढला, अजून थोडा, अजून... तिला श्वास घ्यायचं सुचेना. तो आला. तो तिथं होता. कागदाचा, खळीचा, कालच्या बातम्यांचा बाबा बादलीवर बसून आतला गाल चावत होता. तिला नाचावंसं वाटलं, रडावंसं वाटलं, कुणाला तरी ओढत आणून दाखवावंसं वाटलं, आणि दाखवायचं नेमकं ज्याला होतं त्यालाच सांगायचं नव्हतं की हे मी केलं.

पाच वाजून गेले, बाहेर मिट्ट काळोख झाला होता. मसाल्याच्या बिस्किटांचा वाडगा, प्रत्येकाच्या नावाचं चॉकलेटचं अक्षर, आईला मिळालेलं पुठ्ठ्याचं शिवणयंत्र फोडून झालेलं. मग बाबाच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेलं ते डोकं. त्यानं चादर ओढली.

आई हसली, आत्या सगळ्यात मोठ्यांदा. बाबा चिठ्ठी वाचायला लागला, त्याच्या त्या सपाट आवाजात:

"दोन कान मोठे, तरी ऐकू काही येईना,
डोकं फोडल्याशिवाय आता भेट काही मिळेना!"

तो हसला नाही. दोन्ही हातांत डोकं धरून बघत राहिला. त्याचा अंगठा डोळ्याखालच्या सुरकुतीवरून गेला.

"फोड की!" आत्या म्हणाली. "आरसा मिळाल्यासारखा बघत काय बसलास?"

निन्केनं बिस्किटांचा एक मूठभर ढीग तोंडात कोंबला. बोलू नये म्हणून.

बाबानं बोटाच्या पेरानं कपाळावर टकटक केलं. कान जवळ नेला. थोडं बाजूला सरकून परत टकटक, मग कानामागं, मग टाळूवर — बंदरावर जुन्या जहाजाच्या फळ्या वाजवून बघतो तसं, कुठं पोकळ, कुठं भरीव.

"नुसत्या कागदाचा असा आवाज येत नाही," तो म्हणाला. मग छताकडे बघत, कारण विचारायचं त्यालाच असतं: "सिंटरक्लास, आत आधार कशाचा दिलायस?"

"सिंटरक्लास घोड्यावरून गेला निघून," आई म्हणाली. "फोड आणि बघ."

"नाही, पण हे खचलं कसं नाही? कपाळ इथं आत बसायला पाहिजे होतं. फासळ्या आहेत का आत? खालून चढवल्यास की वरून?"

खालून! खालून, बाबा, वरून चढवल्या तर गळ्यातून हातच जात नाही, आणि एक तिरकी गेली होती ती मी काढून परत... तिच्या कानशिलांत नुसतं तडतडत होतं, गाल बिस्किटांनी फुगलेले, सगळे छताकडे बघतायत आणि तिच्याकडे कुणीच नाही, आणि उत्तर तिच्या घशाशी, जिभेशी, दातांशी. सकाळी हेच हवं होतं ना तुला, त्यानं सगळ्यांदेखत स्वतःचं डोकं फोडावं? हवंच आहे. अजूनही हवंय, आत्ता तर जास्तच हवंय... पण हसायला नाही. फोड ना, बाबा. अंगठा घाल कानामागं, तिथं खळ पातळ आहे, आणि फोड, आणि दिव्याखाली धर, आणि आत बघ, एकेक फासळी बघ —