राजशेखर सरांची पहिली चूक

उदगीरच्या आठवडी बाजारात राजशेखर सरांचा अंदाज सलग सोळा आठवडे खरा ठरला, तेव्हा सर जमिनीपासून दोन बोटं वर चालायला लागले. एवढा अचूक अंदाज वेधशाळेलाही जमत नाही, हे खरं तर त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. पण तेहतीस वर्षं अकरावी-बारावीच्या फळ्यावर दुसऱ्यांचेच सिद्धांत लिहिलेल्या माणसाला निवृत्तीनंतर स्वतःचं काही सापडलं, तर तो शंका कशाला काढत बसेल?

सरांनी लॅपटॉपवर बाजाराचं मॉडेल बांधलं होतं. ऊन किती, लग्नाच्या तिथी किती, उपास कोणते, पगार होऊन किती दिवस झाले, देगलूरकडून टेम्पो किती आले, हे सगळं भरलं की चौदा भाज्यांचे भाव बाहेर पडायचे. बाजाराच्या दिवशी सकाळी सर ते खाजाच्या चहाच्या हॉटेलाबाहेर फळ्यावर लिहीत. संध्याकाळी बाजारभर फिरून खरे भाव शेजारी लिहीत आणि तिसऱ्या रकान्यात चूक. पहिले दोन आठवडे तो तिसरा रकाना नुसता भरून वाहिला. चहा पिणारी मंडळी फळ्याकडे बघून खो खो हसली. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र शून्य, शून्य आणि शून्य.

त्या शून्यांच्या जोरावर नांदेडला विद्यापीठातल्या चर्चासत्रात निबंध वाचण्याचं बोलावणं आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा. अजून दोन आठवडे होते, पण सरांच्या पत्नी सिद्धम्माबाईंनी त्यांच्या शर्टाला इस्त्री करून ठेवलीसुद्धा होती.

आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी खडू मोडला.

मे महिना होता. लिंबाचा भाव कागदावर एकशे चाळीस होता. एकचा आकडा काढायला हात उचलला आणि खडूचे दोन तुकडे झाले. खाजानं आतून दुसरा खडू आणून दिला. सरांनी चार आणि शून्य लिहिलं, पण एक लिहायचा राहूनच गेला. फळ्यावर लिंबू चाळीस रुपये किलो. बाजारात कुणी चकार शब्द काढला नाही.

संध्याकाळी सर वही घेऊन सुलतानबीपुढे उभे राहिले. कोपऱ्यावर बसून लिंबं विकणारी ही बाई तोलून-मापून बोलणारी.

"लिंबू कसं गेलं?"

"चाळीसनं, सर. सगळं गेलं बघा."

सरांनी वही पाहिली, मग लांबवरचा फळा पाहिला.

"तुम्ही आणलं कितीनं?"

"एकशे दहानं."

"मग चाळीसनं का विकलं?"

"फळ्यावर लिवलं होतं न्हवं?" सुलतानबी रिकामी पाटी झटकत म्हणाली. "तुमचा शब्द खाली कसा पडू द्यावा, सर? माझी हुस्ना तुमच्यामुळं बारावी झाली. आता दवाखान्यात नर्स हाय."

सरांनी नुकसान भरून द्यायला खिशात हात घातला, तर तिनं तोंडच फिरवलं. शेजारचा गुरुलिंग उगाचच कोथिंबिरीवर पाणी शिंपडायला लागला. सरांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. वर्गात त्या नजरेपुढे भलेभले कबुली द्यायचे.

"खाजाभाईनं सांगितलंय समद्यांना," गुरुलिंग पाण्याकडे बघत म्हणाला. "फळ्यावर असंल तोच भाव."

सर हॉटेलात आले आणि बाकावर बसले. खाजा कप विसळत होता. सरांचं तोंड बघूनच त्याला सगळं कळलं.

"तिसऱ्या आठवड्यापासून, सर," तो न विचारताच म्हणाला. "लोक तुमाला हसून राहिले होते. मला न्हाई बघवलं. दोन-चार रुपये इकडं-तिकडं, कुणाचं लई जात नव्हतं. लिंबाचं आज म्या बघितलंच न्हाई."

सरांना राग आला. अख्ख्या बाजारानं आपल्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि आपण नांदेडपर्यंत चढत गेलो, याची लाज वाटली. पुढ्यातला चहा निवत गेला. मॉडेलमध्ये ऊन होतं, तिथी होत्या, उपास होते. ही माणसं आपल्यावर इतकी माया करतात, हे मात्र कुठल्याच रकान्यात नव्हतं. हा विचार आला आणि राग कुठल्या कुठे गेला.

"खाजा, अकरावीला अर्थशास्त्रात किती होते तुला?"

"पस्तीस, सर."

"तीस होते. पाच मी वाढवले होते."

"माहीत हाय. पेपर हातात दिला तवाच बेरीज केली होती म्या."

"मी तुला पाच दिले. तू मला पैकीच्या पैकी देत बसलास. आता पुरे."

पुढच्या बाजारात फळा कोरा होता. सरांनी अंदाज पाकिटात बंद करून खाजाकडे ठेवायला दिला होता. दिवसभर बाजाराला चुकल्याचुकल्यासारखं झालं. दोघा-तिघांनी येऊन सरांची तब्येत विचारली. संध्याकाळी पाकीट उघडलं. तेरा भाज्यांचे भाव ताडून पाहिले, त्यातले दहा चुकले होते.

"उघडून बघावं असं लई मनात आलं होतं," खाजा हिरमुसून म्हणाला.

सरांनी वहीत तिसरा रकाना भरायला घेतला. वळणदार अक्षरात, उत्तरपत्रिका तपासावी तसा. नांदेडला हेच वाचायचं, सोळा शून्यं कशी आली तेही सांगायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. तेरा भाज्या झाल्या. लिंबू राहिलं होतं. पाकिटात त्याचा अंदाज शंभर होता.

ते सुलतानबीकडे गेले.

"काय भाव?"

"एकशे वीस."

"शंभरला द्या की."

सुलतानबीनं लांबच्या कोऱ्या फळ्याकडे पाहिलं. मग सरांकडे पाहिलं.

"न्हाई परवडत, सर," ती म्हणाली.

सरांनी एकशे वीस रुपये दिले आणि किलोभर लिंबं पिशवीत घेतली. मग भर बाजारात डोळे पुसत त्यांनी वही काढली आणि लिंबापुढे चूक लिहिली, वीस.