न पुसायचा आरसा

झाकण खुळखुळलं.

एरवी खोलीत चिडीचूप. भर दुपारी पडदे ओढून संध्याकाळ केलेली, खिडक्या घट्ट लावलेल्या, आणि पंधरा-सोळा माणसं गुडघ्याला गुडघा लावून श्वास धरून बसलेली. शेगडीवरच्या पातेल्यात पाणी आणखी उसळलं, झाकण पुन्हा खुळखुळलं, तशा मावशी मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "आला."

खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीने हुंदका दिला. दिसत अजून काहीच नव्हतं, पण ती हुंदका आगाऊच देऊन ठेवायची.

मावशींनी झाकण काढलं. वाफ उठली आणि मागे भिंतीला टेकवलेल्या जाड चौकटीच्या जुन्या आरशावर चढत गेली. काच बघता बघता पांढरी झाली. फक्त मधोमध एक जागा धुकं धरेना. तिथे आधी तळवा उघडा राहिला, मग एकेक करून पाच बोटं. लहान मुलाचा हात, जणू आतल्या बाजूने काचेला लावलेला.

"माणसं विसरतात, बायांनो," मावशींचा आवाज मधात बुडवून काढल्यासारखा. "वस्तू विसरत नाही. तीस वर्षं जुन्या सामानात काढली मी. खुर्चीला हात लावला की सांगते, हिच्यावर बसून कोण रडलं. पण इतकी बोलकी काच मीसुद्धा पाहिली नव्हती. लेकरू आईकडे आलंय. पुसायचं मात्र नाही हं कुणी. काच पुसलीत की त्याची वाट पुसलीत."

समोरच्या घरातले निवृत्त कारकून "वा" म्हणाले, गाण्याच्या बैठकीत म्हणावं तसं.

आणि थोरली हसली. ज्या बाईचा मुलगा गेल्या वर्षी तापाने पाच दिवसांत गेला, ती आठवड्यातून दोनदा, याच वेळी, याच आरशासमोर हसायची. तोंडभर. दात दिसेपर्यंत.

दाराशी तिची धाकटी जाऊ उभी होती. कडेवर मुंगी. मुंगी आता पाच वर्षांची, कडेवर घेण्याचं वय कधीच गेलेलं, पण गर्दीत पायाखाली येईल म्हणून उचललेली. हा चमत्कार धाकटी आज पहिल्यांदा बघत होती. आणि हा आरसा तिनेच आणला होता.

धाकटीचं सगळं घर जुन्या सामानाच्या दुकानातून आलेलं होतं. नवऱ्याच्या पगारात नवं घेता येत नव्हतं आणि ओक्याबोक्या भिंती तिला बघवत नव्हत्या. दर गुरुवारी सकाळी ती मुंगीला घेऊन मावशींच्या दुकानात जायची. दुकान म्हणजे एक लांबलचक अंधारी खोली: पुढे गल्ला, मागे खुर्च्यांवर खुर्च्या, दिव्यांच्या छत्र्या, चित्रांविना चौकटी. धाकटीची नजर तिथे पोलिसाची व्हायची. टेबल उलटं करून पायांचे स्क्रू बघायची. खण ओढून आत नाक घालायची. वाळवी लागलेल्या लाकडाला वास असतो. छत्रीला भोक असेल तर भोक भिंतीकडे करून लावायची आणि भोकापायी भाव पाडायची. घरी आणलेली कुठलीही वस्तू सिरक्याच्या पाण्याने पुसल्याशिवाय उंबरठ्याच्या आत येत नसे.

तोवर मुंगी पुढे गल्ल्यापाशी मावशींजवळ खेळायची. परत निघताना तिच्या हातात बिस्कीट असायचं आणि हातांना साबणाचा वास. "हात धुऊन देते खायच्या आधी," धाकटी नवऱ्याला कौतुकाने सांगायची, "बाई स्वच्छ आहे हो." मावशीही म्हणायच्या, "लेक गुणाची आहे तुझी. हिच्याकडे बघून लावते तुला भाव." दुकानातल्या एकूणएक वस्तूला धाकटीने उलटं करून बघितलं होतं. उलटं करून बघायची राहिली ती फक्त मावशी.

आरसा घेतला तेव्हा मावशींनी सहज विचारलं होतं, "कुणासाठी गं?" आणि धाकटीने भाव कमी व्हावा म्हणून सगळं सांगून टाकलं: जावेचं पोर तापाने गेलं, पाच वर्षांचं, एका जागी ठरायचं नाही म्हणून सगळे त्याला भोवऱ्या म्हणायचे, आता ती बाई भिंतीकडे बघत बसते, म्हटलं भिंतीवर काहीतरी असावं. मावशींनी डोळे पुसले आणि भाव कमी केला.

धाकटीने आरसा सिरक्याने लख्ख पुसून थोरलीच्या घरी टांगला. आठवड्याने मावशी स्वतः तिथे गेल्या. म्हणाल्या, काच सैल राहिलीय, पडेल, नीट करून देते. नीट होऊन आरसा परत आला तो हात घेऊन.

धाकटी तेव्हाच बोलली होती, "वहिनी, ती काच मी पुसलीय. तिच्यावर काही नव्हतं."

थोरली म्हणाली, "तुला कसा दिसेल? तुझं लेकरू तुझ्याजवळ आहे."

त्यानंतर पाच महिने जावा एकमेकींकडे गेल्या नाहीत. गुरुवारी दुकानात जाणं मात्र धाकटीने सोडलं नाही. मावशी ढोंगी असेल, पण लॅम्प स्वस्तात देते. दिवसा तिच्या चमत्काराला हसायचं आणि संध्याकाळी तिच्याकडच्या लॅम्पखाली बसायचं, यात धाकटीला काही खटकलं नाही. खटकलं ते परवाच्या गुरुवारी. दुकानाच्या दारात लाल तीनचाकी सायकल होती. सीटच्या जागी कुंडी ठेवलेली, हँडलला चिठ्ठी: बागेत शोभेसाठी. हँडलवरचा ओरखडा धाकटीच्या ओळखीचा होता. भोवऱ्या त्या सायकलवरून तिच्याच दारावर आदळला होता.

मग इकडून तिकडून कळलं. दर पंधरा दिवसांनी आरसा "विसाव्याला" दुकानात जातो आणि जाताना भोवऱ्याची एक वस्तू सोबत नेतो. मावशींचं म्हणणं, "पोर रिकाम्या हाताने कसं येईल? त्याचं त्याला पोचवावं लागतं." सायकल पोचली होती. पलंग पोचला होता. चंद्राच्या आकाराचा दिवा पोचला होता. आज पोचायची होती ती दाराशेजारची लाकडी फळी. तिच्यावर पेन्सिलीच्या रेघा होत्या, प्रत्येक वाढदिवसाची एक. पाच रेघा, आणि वर कोरं लाकूड. त्या घरात भोवऱ्याचं आता तेवढंच उरलं होतं. अशा फळ्यांना चांगलं गिऱ्हाईक असतं, हे धाकटीला माहीत होतं. कुणाचं तरी मूल वाढल्याच्या खुणा आपल्या भिंतीवर छान दिसतात. दोन वर्षांपूर्वी तिने स्वतःच अशी एक फळी घ्यायचा विचार केला होता.

"बोट बघितलंत?" मावशी सांगत होत्या. "करंगळी वाकडी आहे. मी पहिल्या दिवशी नुसतं विचारलं, हाताला काही झालं होतं का लेकराच्या? आणि हिच्या तोंडून आपोआप आलं."

"सलाईनची सुई लावली होती," थोरली म्हणाली. तिची नजर आरशावरून हलली नाही. "हात पट्टीला बांधून ठेवला होता. शेवटचे तीन दिवस. वाकडं झालं असणार तेव्हाच."

"सांगा आता," मावशी गर्दीला म्हणाल्या, "हे मला कसं ठाऊक असणार?"

धाकटी करंगळीकडे बघत होती. शेवटच्या पेरापाशी बाहेर वळलेली, टोक जरा चपटं. तिची नजर आपोआप खाली गेली, आपल्या खांद्यावर टाकलेल्या मुंगीच्या हाताकडे. दोन वर्षांपूर्वी दाराच्या बिजागरीत सापडलेली ती करंगळी तिने रोज न्हाऊ घातली होती, तिच्यावर फुंकर मारली होती, तिची नखं कापली होती. काखेत कळसा म्हणतात तो हा.

"मुंगे," ती मुलीच्या कानात म्हणाली, "तो कुणाचा हात?"

मुंगीने आरशाकडे बघितलं, मग आईकडे. "मावशी म्हणाली, सांगायचं नाही."

"मला पण नाही?"

मुंगीने विचार केला. "तुला सांगते. माझा. साबणाचं पाणी लावायचं आणि जोरात दाबायचं. हलायचं नाही. मग मावशी फडक्याने पुसते, पुसते, आणि तो गायब होतो. मग बिस्कीट."

कानात सांगायचं म्हणजे हळू सांगायचं, हे मुंगीला अजून समजलं नव्हतं. ते सगळ्या खोलीने ऐकलं.

मावशी आधी हसल्या. "मुलं काय, काहीही बोलतात."

"हो ना," शिवणवाली म्हणाली.

"उलट बघा, किती मोठी गोष्ट आहे. चुलत भावंडं. तो हिच्या हातात उतरून येतो. साबण हे आपलं निमित्त."

"मग निमित्त मीच करते," धाकटी म्हणाली. तिने मुंगीला खाली उतरवलं, न्हाणीघरातून साबण आणि पेलाभर पाणी आणलं आणि खिडकीचा पडदा बाजूला सारला. ऊन आत आलं तशी माणसं डोळे चोळायला लागली, झोपेतून उठवल्यासारखी. तिने खिडकीच्या तावदानाला मुंगीचा साबणाचा हात लावला, फुंकून सुकवला, कोरड्या ओढणीने हलकेच पुसला. तावदान स्वच्छ. मग पातेलं उचलून खाली धरलं.

हात आला. तोच. करंगळीसकट.

तिने शेजारी तसाच आपला साबणाचा हात दाबला, पुसला, वाफ दिली, तोही आला. मग कारकुनांचं मनगट धरून त्यांचा. तावदानावर तीन हात उभे राहिले: एका पोरीचा, एका बाईचा आणि एका जिवंत, पेन्शन घेणाऱ्या कारकुनाचा.

"साबण लागलेल्या काचेवर वाफेचे थेंब धरत नाहीत, पाणी पसरून जातं," धाकटी म्हणाली. "म्हणून तेवढी जागा उघडी दिसते. चार-पाच वेळा वाफ लागली की साबण धुपून जातो, म्हणून आरशाला पंधरा दिवसांनी विसावा लागतो. ओलं फडकं फिरवलं की सगळंच जातं, म्हणून पुसायचं नाही. पोराचं नाव, वय, ताप हे सगळं मी सांगितलं हिला, आरशाचा भाव पाडायला. आणि सुईचं वहिनींनी सांगितलं. हिने नुसतं विचारलं, हाताला काही झालं होतं का. पाच वर्षांच्या कुठल्या मुलाच्या हाताला काही झालेलं नसतं?"

"मला पहिल्यापासून संशय होता," कारकून म्हणाले.

त्यावर कोणीतरी फिसकन हसलं. मग शिवणवाली हसली. मघाचा हुंदका अजून तिच्या गालावर ओला होता. मग सगळेच हसायला लागले, फसलेली माणसं हसतात तसे, मोठ्याने, एकमेकांना कोपर मारत. "वा, वा म्हणत होते की तुम्ही." "आणि तू रडत होतीस ती?" त्या हसण्याच्या मधोमध थोरली बसली होती. तिच्या तोंडावरचं हसू अजून तसंच होतं. ते कुठे ठेवावं हे तिला समजत नव्हतं.

धाकटीने मनाशी वाक्यं जुळवून ठेवली होती, ती तिने म्हटली. दुःख खरं असतं, म्हणून त्याच्यावर कुणी मांडलेलं दुकान खरं होत नाही. ज्या वस्तूला पुसायची मनाई असेल, ती आधी पुसून बघा. ज्या माणसाला विचारायची मनाई असेल, त्याला आधी विचारा. एवढं फडकं प्रत्येक घरात असतं. शब्द बरोबर होते. आजही आहेत. पण ऐकायला कोणी थांबलं नव्हतं. लोकांना ही गंमत घरोघर पोचवायची घाई झाली होती.

मावशींनी शांतपणे शेगडी बंद केली. फळीकडे एकदा बघितलं, गिऱ्हाईक बघतं तसं, आणि पदर सावरला.

"पोलिसात जाणार?" त्यांनी विचारलं. "जा. काय सांगशील? तुझ्याच पोरीचा हात आहे." दाराशी त्या वळल्या. "पाच महिने मी हिला हसवलं. तू आज काय दिलंस हिला?"

"खरं."

"मग बघ," मावशी म्हणाल्या, "कितीसं पुरतं."

खोली रिकामी झाली. फळी दाराशेजारी होती तिथेच होती. आरशावरचा हात सुकत चालला होता. थोरली उठली, स्वयंपाकघरातून ओलं फडकं आणलं आणि काच पुसली, कोपऱ्यांपासून सुरुवात करून, नेटकी, रोजचं काम असल्यासारखी. मग खाली बसून तिने मुंगीचा हात हातात घेतला. तळवा उलटा केला. बोटं मोजल्यासारखी एकेक धरली, आणि करंगळीपाशी थांबली.

या करंगळीचा मुका तिने काचेवरून किती वेळा घेतला होता. आता ती ऊबदार होती, जरा साबणाने बुळबुळीत. थोरलीने तिचा मुका घेतला नाही. हात हळूच मुंगीच्या फ्रॉकवर परत ठेवला, उसनी आणलेली वस्तू परत करावी तसा.

"घेऊन जा हिला."

"वहिनी, मी..."

"बरोबर केलंस तू. जा आता. आणि हिला घेऊन इतक्यात येऊ नकोस."

जिन्यात थोरलीचा नवरा पायरीवर बसला होता. आरशासमोर माणसं जमली की तो इथेच येऊन बसायचा. त्याने सगळं ऐकलं होतं. वर न बघता तो भिंतीकडे सरकला आणि त्याने वाट दिली.

दोन पायऱ्या उतरल्यावर मुंगी थांबली. तिने आपला हात डोळ्यांसमोर धरून दोन्ही बाजूंनी नीट बघितला.

"आई, मी परत हात लावला, तर काकू परत हसेल?"