दांड्याचा पीळ

"सही आत्ता नाही करत मी," असं म्हणून ताईने पेनाला टोपण लावलं, तेव्हा साहेब अभिनंदनासाठी हात पुढे करून उभे होते.

पवनचक्क्यांच्या चाचणीशाळेत सव्वीस वर्षं पीळ मोजणारी बाई ती. वाऱ्याने पाती फिरली की दांड्याला बसतो तो पीळ. पुस्तकात त्याला टॉर्क म्हणतात. आजची पाती तिच्या धाकट्या भावाची, सात वर्षांच्या मेहनतीची. पीळ किमान एकशे बारा हवा होता, एकशे चौदा आला. कमी आला असता तर प्रकल्प आजच गुंडाळणार होते.

आता दांडा ज्या बेअरिंगवर फिरतो, तेही घर्षणात थोडा पीळ खातं. म्हणून पाती काढून दांडा मोटरवर रिकामा फिरवायचा, बेअरिंगने खाल्लेलं मोजायचं आणि चाचणीच्या आकड्यात मिळवायचं. ही रिकामी फेरी बेअरिंग तापल्यावरच घ्यायची, कारण थंड ग्रीस घट्ट असतं आणि घर्षण उगाच जास्त दिसून बेरीज फुगते. ताईने हे किती जणांना घोकून घेतलं होतं. आणि आज सकाळी भावाच्या कामाच्या उतावळेपणात तिनेच थंड बेअरिंगवर फेरी उरकली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तिने सगळ्यांसमोर चूक सांगितली. साहेब हसून म्हणाले, सुंभ जळेल पण तुमचा पीळ जळायचा नाही. भाऊ मात्र हसला नाही.

"ताई, एक-दोन आकड्यांच्या फरकाने काय आभाळ कोसळणार आहे?"

"चूक माझी आहे. तिचा फायदा तुझ्या पात्यांच्या पदरात नाही घालायची मी."

तासभर पाती फिरवून तिने बेअरिंग तापवलं, पाती उतरवली आणि लगेच रिकामी फेरी घेतली. बेरीज एकशे अकरा आली. एक कमी पडला, पण आपण बरोबर मोजलंय याबद्दल तिला तिळभर शंका नव्हती. आकडा लिहून तिने खाली ठसठशीत सही केली. साहेब कागद घेऊन गेले.

पाती कोठारात न्यायची होती. दोन पाती भावाने खांद्यावर टाकून एकट्यानेच नेली. तिसरंही त्याला सहज पेललं असतं. पण ते उचलताना तो थांबला आणि त्याने दुसरं टोक ताईच्या हातात दिलं.