कौशल्याबाई आहेत का?

मोरीतल्या काळ्या पाण्यात आज एक लाल धागा होता. इंद्रायणीने तो पाहिला, आणि सासूच्या हातातला तांब्या घाईघाईने त्यावर उपडा होताना तेही पाहिले. पाणी वाहून गेले. कौशल्याबाईंनी पदराने ओठ टिपले आणि नेहमीसारख्या उंबऱ्याजवळ जाऊन बसल्या.

"आत्या, रक्त होतं ते."

"रक्त न्हाई. काल इमलबाईकडं पान खाल्लं व्हतं."

"तुम्ही पान कधीपासून खायला लागलात?"

"तुला कामाला उशीर व्हतोय. डबी रिकामी झालीया. तेवढी मिश्री भाजून दे आन् जा."

सासूला आत्या म्हणण्याची आणि तिला उलट प्रश्न न विचारण्याची या घरात रीत होती. इंद्रायणीने एक प्रश्न विचारला होता, तोच जास्त झाला होता. तिने ओट्याखालचा जुना तवा काढला. त्याच्यावर भाकरी कधी पडत नसे; तो मिश्रीचा तवा. तिने त्यावर तंबाखूची पाने पसरली. धूर वर चढताच जिन्यावरून भाडेकरणीचे खोकणे ऐकू आले आणि खिडकी आपटली. पाने काळी पडली, तशी तिने ती उतरवून खलबत्त्यात घातली. लग्न होऊन ती पुनावळ्यात आली, तेव्हा गावाभोवती अजून शेते होती. त्या पहिल्या आठवड्यात कौशल्याबाईंनी तिला हे काम शिकवले होते. पाने किती काळी करायची, कुठे थांबायचे, हे तिच्या हाताला आता न पाहताही कळत असे.

तिने डबी भरून दिली. कौशल्याबाईंनी झाकणावर बोटाने दोनदा टकटक केले. पूड खाली बसावी म्हणून त्या नेहमीच तसे करीत. मग त्या पाठमोऱ्या झाल्या. मिश्री लावताना तोंड कुणाला दिसू द्यायचे नाही, सुनेला तर नाहीच.

सर्व्हिस रोडने चालत जाताना इंद्रायणीला एकेक गोष्ट आठवू लागली. गेले काही दिवस कौशल्याबाई भाकरी दुधात कुस्करून खात होत्या. दूध चांगलं आलंय म्हणून. चहा बशीत पार निवेपर्यंत थांबत होत्या. उकाडा आहे म्हणून. ठेचा नको म्हणाल्या. पित्त झालंय म्हणून. प्रत्येक वेळी कारण होते आणि प्रत्येक वेळी तिने ते मानले होते. बाहेरच्या एखाद्या बाईने हेच सांगितले असते, तर तिने दुसऱ्या वाक्यालाच तिला खुर्चीत बसवले असते. कारण इंद्रायणी दातांच्या दवाखान्यात काम करीत होती.

तिने नवऱ्याला फोन लावला. गणराज चाकणला एका कंपनीत पहिल्या शिफ्टला होता आणि चहाच्या सुट्टीत होता.

"आत्यांच्या तोंडातून रक्त येतंय. तुम्ही सांगा त्यांना दवाखान्यात यायला."

"मी? माझं कधी ऐकलंय तिनं? तू दवाखान्यात असतीस, तू सांग."

"मी सून आहे."

"आन् मी पोरगा आहे. सुनेचं एक वेळ ऐकंल." मागे कुणीतरी हसले. गणराज हसला नाही. त्याने विचारले, "लई आलं का रक्त?"

"धागाभर."

"मग राहू दे आजच्या दिवस. रविवारी बघू." आणि भोंगा झाला.

दवाखाना एका इमारतीच्या तळमजल्यावर, दुकानांच्या रांगेत होता. डॉक्टर मिनल पिंपरीतल्या कामगार वस्तीत वाढलेल्या. वडील कंपनीत फिटर होते, आणि तोंडाच्या आजाराने गेले. त्याविषयी त्या बोलत नसत. पण दवाखाना सुरू केला तेव्हा त्यांनी एक नियम घातला होता: आलेल्या माणसाला विसरायचे नाही, त्याला पुन्हा फोन करून बोलवायचे. ते काम इंद्रायणीचे. रोज सकाळी ती फोन घेऊन बसे. समोरचा माणूस वैतागला तरी तिचा आवाज बदलत नसे. कॉलेजात असलेली तिची मुलगी स्वरूपा तर म्हणायची, "मम्मी, तुझे दोन आवाज आहेत. एक घरातला आणि एक दवाखान्यातला. दवाखान्यातल्याला कुणी नाही म्हणू शकत नाही."

"नमस्कार, दातांच्या दवाखान्यातून बोलतेय. दिग्विजयसर आहेत का? आपल्याला सहा महिने झाले तपासणीला."

"अहो मॅडम, दात माझे स्वतःचे आहेत, भाड्याचे नाहीत. दर थोड्या दिवसांनी काय करार वाढवून घ्यायचाय?"

"वाढवून घेतलेला बरा, सर. नाहीतर ते न सांगता खोली सोडून जातात."

पलीकडचा माणूस हसला आणि शनिवारी येतो म्हणाला. फोन ठेवल्यावर इंद्रायणीने पुढचा नंबर लावला नाही. डॉक्टर मिनल दारात उभ्या होत्या.

"काय झालं?"

तिने सांगितले. लाल धागा, कुस्करलेली भाकरी, निवलेला चहा. मिश्री कोण भाजून देते तेही सांगितले. ते सांगताना तिने मान वर केली नाही. डॉक्टरांनी फक्त विचारले, "दुखतं म्हणाल्या का कधी?"

"नाही. कधीच नाही."

"मिश्रीनं बधिर होतं, हे तुम्हाला माहीत आहे. आजच आणा त्यांना."

"त्या यायच्या नाहीत, डॉक्टर. मी त्यांना असं सांगू शकत नाही. घरात तशी..." ही नोकरी तिला मिळाली तेव्हा भावकीतल्या सगळ्यांनी नाके मुरडली होती. त्या वेळी तान्ह्या स्वरूपाला मांडीवर घेऊन कौशल्याबाई एवढेच म्हणाल्या होत्या, "पोर माझ्यापाशी ऱ्हाईल. तू जा." त्यानंतर त्या बाईला काही करायला सांगण्याचा हक्क आपल्याला आहे, असे इंद्रायणीला कधी वाटलेच नव्हते.

"सून म्हणून सांगू नका," डॉक्टर म्हणाल्या. "फोन करा. तुमचं कामच आहे ते."

डॉक्टर आत गेल्या. इंद्रायणीने दवाखान्याचा फोन पुढे ओढला आणि घरी, कौशल्याबाईंच्या बटणांच्या मोबाइलवर लावला. तो मोबाइल खिडकीत मिश्रीच्या डबीशेजारीच असे. बराच वेळ घंटी वाजली.

"कोन?"

"नमस्कार. दातांच्या दवाखान्यातून बोलतेय. कौशल्याबाई आहेत का?"

सासूने आवाज ओळखला होता यात शंका नव्हती.

"न्हाईत घरात," कौशल्याबाई म्हणाल्या. "काय काम व्हतं?"

"त्यांची तपासणी राहिली आहे."

"कवाची ऱ्हायली?"

"कधीच झालेली नाही."

"दुखत न्हाई त्यांचं काई."

"दुखत नाही म्हणूनच बोलावलंय. दुखेपर्यंत थांबलं की उशीर होतो."

"त्यांची सून दवाखान्यातच कामाला हाय. तीच मिश्री भाजून देती. वाईट असती तर तिनं दिली असती का? तिला इचारा."

इंद्रायणीने डोळे मिटले. खोलीत खुर्चीच्या यंत्राची घरघर चालू होती. दवाखान्यातला आवाज तिने सोडला नाही.

"विचारलं तिला. तिला माहीत होतं, ती म्हणाली. मोठ्या माणसाला सांगायचं धाडस झालं नाही. आता मला सांगायला लावलंय तिनं."

पलीकडून टकटक ऐकू आली. कौशल्याबाईंचे बोट डबीच्या झाकणावर होते.

"तितं बाप्या मानसं असत्यात का?"

"डॉक्टर बाई आहेत."

"दार लावता येतं का?"

"येतं."

"बरं. आल्या म्हंजे सांगते त्यास्नी."

दुपारभर इंद्रायणीची नजर काचेच्या दारावरून हटली नाही. उन्हे कलली तरी कुणी आले नाही. मग महामार्गाखालच्या बोगद्यातून ठेवणीतल्या हिरव्या नऊवारीतली एक आकृती बाहेर पडताना दिसली. कौशल्याबाई दवाखान्यासमोर आल्या, पाटीकडे पाहत थांबल्या. शेजारच्या दुकानापुढे सामान पोचवणारी तरुण मुले गाड्यांवर रेलून बसली होती. त्यांच्याकडे पाहून त्या वळल्या आणि परत चालू लागल्या. इंद्रायणी उठली. धावत जाऊन हात धरावा असे तिला वाटले. पण धरला तर त्या कधीच येणार नाहीत हेही तिला कळत होते. ती टेबलाची कड धरून उभी राहिली. बोगद्याच्या तोंडाशी जाऊन कौशल्याबाई थांबल्या. पदर नीट केला. मग त्या परत आल्या आणि स्वतःच दार ढकलून आत शिरल्या.

"फोन आला व्हता," त्या म्हणाल्या.

"हो. बसा," इंद्रायणी म्हणाली.

खुर्चीत त्या ताठ बसल्या, पाठ टेकवली नाही. वरचा दिवा लागला तरी तोंडावरचा पदर निघेना. डॉक्टर मिनल थांबल्या.

"आदी तिला बघू दे," कौशल्याबाई म्हणाल्या. "घरची हाय."

डॉक्टरांनी आरसा इंद्रायणीच्या हातात दिला. कौशल्याबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि पदर खाली केला.

इतकी वर्षे एका चुलीपाशी काढून इंद्रायणीने हे तोंड आतून कधी पाहिले नव्हते. दात झिजलेले, काळपट, पण बरेचसे जागेवर. तिने डावा गाल हलकेच बाजूला केला. जिथे रोज बोट फिरत असे, तिथे खालच्या हिरडीलगत पांढरा, जाड चट्टा होता. चट्ट्याच्या मधोमध लाल जखम होती आणि जखमेच्या कडा वर उचललेल्या होत्या. अशा कडा तिने यापूर्वी दोनतीनदा पाहिल्या होत्या, परक्या माणसांच्या तोंडात.

ती मागे झाली. डॉक्टरांनी पाहिले. मग त्यांनी हनुवटीखाली, मानेवर बोटे फिरवली, एका जागी थांबली, पुन्हा फिरवली. पेशंटशी सतत बोलत राहण्याची त्यांची सवय होती. आता त्या बोलत नव्हत्या. इंद्रायणीला त्या न बोलण्याचा अर्थ माहीत होता.

कौशल्याबाईंनी डोळे उघडले. आधी सुनेकडे पाहिले, मग डॉक्टरांकडे.

"मानसानं कितीदा यायचं असतं बाई, हितं?"

"सगळ्यांना एकच माप नसतं," डॉक्टर म्हणाल्या. "तोंड निरोगी असेल तर वर्षानं आलं तरी चालतं. बऱ्याच जणांनी सहा महिन्यांनी यावं. मिश्री, तंबाखू असेल त्यांनी तीन महिन्यांनी."

"आन् म्या?"

डॉक्टरांनी हातमोजे काढले. "तुम्ही उद्या. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात. चिठ्ठी देते, तुकडा काढून तपासावा लागेल. हिला बरोबर न्या."

कौशल्याबाईंनी मान हलवली. खुर्चीतून उतरताना त्यांनी पहिल्यांदाच सुनेच्या खांद्याचा आधार घेतला. बाहेरच्या मुलांसमोरून जाताना मात्र त्यांनी तो सोडला.

त्या रात्री गणराज आईपाशी बसून राहिला आणि कंपनीतल्या बसच्या, कँटीनच्या गोष्टी सांगत राहिला. रविवारचा विषय त्याने काढला नाही. इंद्रायणीने मिश्रीचा तवा राखेने घासून घेतला, पण पुन्हा ओट्याखाली ठेवायला तिचा हात होईना. सकाळी पाहते तर तो दाराबाहेर भंगाराच्या पोत्यात होता. कौशल्याबाईंनी तो स्वतःच ठेवला होता. डबी मात्र खिडकीतच होती, धुऊन उपडी घातलेली.

तुकड्याच्या तपासणीत कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये डाव्या बाजूचा खालचा जबडा आणि जिभेचा काही भाग गेला. गाठ मानेपर्यंत पोचली होती. थोडे आधी आणले असते तर इतके काढावे लागले नसते, असे तिथल्या डॉक्टरांनी गणराजला सांगितले. ते त्याने घरी कुणाला सांगितले नाही. इंद्रायणीला सांगायची गरज नव्हती.

कौशल्याबाई जगल्या. पेज, पातळ वरण, कुस्करलेले केळे खाऊ लागल्या. त्यांना थोडे बोलता येई, पण शब्द ओळखू येत नसत. शेजारच्या विमलबाई एकदा भेटायला आल्या आणि दर वाक्याला "काय म्हनलीस?" विचारत राहिल्या. त्या दिवसापासून कौशल्याबाईंनी घरातल्यांखेरीज कुणापुढे तोंड उघडणे बंद केले. पुढे घरातल्यांपुढेही. स्वरूपाने पाटी आणून दिली. पण त्यांना लिहिता येत नव्हते, म्हणून त्यांनी ती परत केली.

डॉक्टर मिनलकडे तपासणीला मात्र दर महिन्याला जावे लागणार होते. पहिली तारीख जवळ आली, तेव्हा इंद्रायणीने घरी तो विषय काढला नाही. सकाळी दवाखान्यात गेल्यावर तिने आधी इतरांचे फोन केले. मग थोडा वेळ हात मांडीवर ठेवून बसली. डॉक्टर मिनल आतून पाहत होत्या. त्यांनी आपले दार लोटून घेतले.

तिने फोन लावला. घंटी थोडीच वाजली आणि उचलला गेला. पलीकडे श्वास ऐकू येत होता, आणि जिन्यावरून उतरणाऱ्या भाडेकरणीच्या चपला.

"नमस्कार. दातांच्या दवाखान्यातून बोलतेय," इंद्रायणी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "कौशल्याबाई आहेत का?"

श्वास थांबला. खिडकीतले काहीतरी उचलल्याचा आवाज आला.

"उद्या त्यांची तपासणी आहे. सकाळी. येतील का त्या?"

डबीच्या पत्र्यावर बोट वाजले. टक. टक.

आवाज अगदी स्वच्छ आला. भरलेली डबी इतकी खणखणीत कधी वाजत नसे.