नाव दगडात, माणूस अंगणात

मित्रांनो, माझे पहिले घर म्हणजे एका पांढऱ्या बैलाचे डोके. तो बैल म्हातारा होऊन मेला, तेव्हा माझ्या मालकाच्या, सिरिलोच्या, वडिलांनी मला कापून घेतले. उकळत्या पाण्यात घालून माझ्या आतला गर काढला, काचेच्या तुकड्याने घासून घासून मला गुळगुळीत केले आणि तळाला लाकडाची चकती बसवली. असा मी शिंगाचा पेला झालो. आता जुना झालो आहे. माझ्या कडेला तडा आहे आणि त्यावर चांदीची नाही, साध्या पत्र्याची पट्टी आहे.

आमच्या यूती गावात, आणि सगळ्या पाराग्वाय देशातच, माझ्यासारख्या पेल्यात येर्बाची सुकी पाने भरतात. वरून गार पाणी ओततात आणि धातूच्या नळीने ओढून पितात. याला तेरेरे म्हणतात. एकाने ओढले की पुन्हा पाणी ओतून पेला शेजारच्याकडे जातो. पेला एक, नळी एक, तोंडे अनेक. म्हणून ज्याच्याबद्दल मनात काही आहे, त्याला कोणी आपल्या घोळक्यात बसवत नाही. मीही माणसे ओठांवरून ओळखायला शिकलो आणि ओळखता ओळखता संशयी झालो.

चाकोच्या रानासाठी शेजारच्या देशाशी युद्ध सुरू झाले तेव्हा सिरिलो ओवेलार विशीत होता. त्याचा धाकटा भाऊ सिंदुल्फो मिसरूडही न फुटलेला. त्यांचा शेजारी एस्तानिस्लाओ, ज्याला सगळा गाव तानी म्हणे, तोही त्यांच्याबरोबर भरती झाला. सिरिलोने मला आपल्या पिशवीत घातले. आम्ही आगगाडीने गेलो, मग नदीतून बोटीने गेलो आणि शेवटी काटेरी झुडपांच्या त्या रानात पोचलो. तिथे शत्रू समोर होता आणि पाणी कुठेच नव्हते.

मित्रांनो, तिथे माझ्यात येर्बा कधी पडली नाही. तुकडीला मिळणारे पाणी माझ्यात मोजून वाटत. माझा तळ भिजला की एका माणसाचा वाटा झाला. पाण्याचा ट्रक फार लांब थांबे. तिथून पाणी आणायला एक खेचर होते आणि खेचराबरोबर तानी जाई. तुकडीतल्या सगळ्यांच्या बाटल्या त्याच्या खेचरावर असत.

एके दिवशी तानी गेला तो आलाच नाही. खेचर नाही, बाटल्या नाहीत. सिरिलो वाटेकडे डोळे लावून बसला. सिंदुल्फो आधीच तापाने फणफणला होता. दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आत तो गेला. मी कोरडा ठणठणीत त्याच्या उशाला होतो.

युद्ध संपले. लष्कराने तानीला मेलेल्यांत धरले. गावच्या चौकात दगड उभा राहिला आणि त्यावर सिंदुल्फो आणि तानी यांची नावे एकाखाली एक कोरली गेली. दर वर्षी, त्याच युद्धातल्या बोकेरोनच्या विजयाच्या दिवशी, तानीच्या म्हाताऱ्या आईला पहिल्या ओळीत खुर्ची मिळे. सिरिलो तिला हाताला धरून बसवत असे.

पुढची तीस-पस्तीस वर्षे माझी चांगली गेली. सिरिलोच्या अंगणात आंब्याखाली रविवारी जुने सैनिक जमत. त्यांचा म्होरक्या सार्जंट बाल्बुएना होता. पोट सुटले होते, पण आवाज अजून कवायतीचा होता. त्याच लढाया पुन्हा पुन्हा लढल्या जात आणि दर वेळी शत्रू वाढत.

सिरिलोची बायको देल्फिना चिपा, म्हणजे चीज घातलेल्या भाकऱ्या, आणून ठेवताना म्हणे, "मागच्या रविवारी वीस होते ना हो ते? आठवड्यात बाळंत झाले की काय?"

"तू गप गं. तू होतीस का तिथे?" सार्जंट म्हणे.

"मी नव्हते म्हणूनच एवढी वर्षं चाललं युद्ध," देल्फिना म्हणे आणि आत जाई.

पण हसतानाही प्रत्येक जण कुंपणाकडे एक नजर टाकी. त्या काळी राज्यकर्त्यांचे खबरे गावोगाव होते. आमच्याकडे खबऱ्याला केसाळ पायांचा म्हणतात, कारण त्याची पावले वाजत नाहीत. कोण कोणाचे काय ऐकून कुठे सांगेल, याचा नेम नव्हता.

वर्षागणिक घोळका लहान होत गेला. मग सिरिलोने राजधानीच्या रेडिओवर निरोप दिला. रविवारी सकाळी तिथे जुन्या सैनिकांचे निरोप वाचून दाखवत. 'आमच्या तुकडीतलं कोणी जिवंत असेल तर यूतीला या. आता मी थाप मारली तरी पकडायला कोणी उरलं नाही.' सगळे खूप हसले.

आणि त्या निरोपाला उत्तर म्हणून तानी आला.

स्टेशनाकडून एक वाळका म्हातारा चालत आला आणि फाटकाशी टोपी काढून उभा राहिला. म्हणाला, "सिरिलो, मी तानी. सरहद्दीपलीकडे, पोसादासला असतो. रेडिओवर ऐकलं."

कोणी उठले नाही. सिरिलोच्या हातात मी होतो आणि त्याची बोटे माझ्यावर घट्ट आवळली. चेहरा तोच होता, फक्त वाळलेला. पण मेलेला माणूस चांगल्या कामासाठी परत येत नाही, असे मलाही वाटले.

"तानी दगडात आहे. चौकात जाऊन वाच," सार्जंट म्हणाला.

"वाचलं. आत्ताच बघून आलो."

"बरं. खेचराचं नाव काय होतं?"

"आजीबाई. डाव्या कानाला हात लावला की चावायची. तुम्हालाच चावली होती सार्जंट. कुठे ते सांगू का, की वहिनी जवळपास आहेत?"

एक-दोघे हसले. सार्जंट हसला नाही. त्याने आवाज खाली आणला. "केसाळ पायांचे अभ्यास करून येतात. सगळं घोकवून पाठवतात त्यांना."

"मला घोकवून पाठवून त्यांना काय मिळणार? याचं नाव, त्याचं गाव? मी म्हातारा झालो सार्जंट. मला फक्त बसायचंय."

सिरिलोने त्याला एक खुर्ची दाखवली. पण मी फिरत फिरत तिथवर आलो, तेव्हा त्याने मला तानीच्या समोरून उचलून पलीकडच्या माणसाच्या हातात दिले. तानीने अर्धवट पुढे केलेला हात गुडघ्यावर ठेवला. मित्रांनो, मला तेव्हा वाईट वाटले नाही. मला सिंदुल्फोचे सुकलेले ओठ आठवत होते.

शेवटी सिरिलोने विचारलेच. "पाणी कुठे गेलं, तानी?"

तानीने टोपीची कड चुरगाळली. "वाटेत जखमींचा ट्रक बंद पडला होता. आपलीच माणसं. पाणी पाणी करत होती. मी दिलं."

"सगळं?"

"सगळं."

"कोणाला विचारून?" सार्जंट ओरडला.

"आणि मग?" सिरिलोने विचारले.

"मग रिकाम्या बाटल्या घेऊन कुठल्या तोंडानं येऊ? उलट्या दिशेला चालत सुटलो. पलीकडे येर्बाच्या मळ्यात काम धरलं. पुढे कळलं, की दगडावर माझं नाव आलंय. आईला मान मिळतोय. मी परत आलो असतो, तर ती पळपुट्याची आई झाली असती. ती गेली तेही मला तिकडेच कळलं."

सिरिलो उठून घरात गेला. देल्फिनाने कापूस ठेवायच्या खोलीत तानीला खाट टाकून दिली.

"त्याला इथे ठेवणार तू?" सिरिलोने विचारले.

"खबऱ्या असेल तर डोळ्यांसमोर असलेला बरा आणि तानी असेल तर उपाशी नको," ती म्हणाली.

पुढचे दिवस फार वाईट गेले. रविवारी माणसे येत, पण कोणी मोकळे बोलेना. आंब्याखाली फक्त हवापाण्याच्या गप्पा होत. तानी लाकडे फोडी, विहिरीचे पाणी काढी, मला धुऊन उन्हात उलटा ठेवी. त्याचा हात हलका होता. पण संशय आला की चांगलेपणही ढोंग वाटू लागते. हा एवढा का राबतो, असे मी स्वतःला विचारत असे. सिरिलोही खिडकीतून त्याच्याकडे बघत उभा राही.

सार्जंटने गावात ठरवूनच टाकले, की विजयाच्या दिवसाआधी दगडावरचे ते नाव छिन्नीने काढायचे. गवंड्यालाही सांगून झाले. तानीला हे कळले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "काढा."

"बघितलंस? खरा असता तर भांडला असता," सार्जंट सिरिलोला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सिरिलो आगगाडीत बसून पुन्हा रेडिओवर गेला. या वेळचा निरोप हसण्याचा नव्हता. 'बोकेरोनच्या वाटेवर जखमींचा ट्रक बंद पडला होता. तिथे खेचरवाल्या सैनिकाचं पाणी जे कोणी प्यायले, त्यांच्यापैकी कोणी असेल तर यूतीला या. सिरिलो ओवेलार वाट बघतोय.'

किती तरी रविवार कोणी आले नाही. सार्जंट म्हणू लागला, की ट्रकच नव्हता. मलाही तेच पटत चालले होते.

आणि विजयाच्या दिवसाच्या आदल्या दुपारी पिलारहून एक लंगडा म्हातारा आला. नेमेसियो त्याचे नाव. सिरिलो सावध होता. त्याने देल्फिनाला डोळ्याने खुणावले आणि तिने तानीला खोलीबाहेर येऊ दिले नाही. दोघांनी एकमेकांना पाहता कामा नये. अंगणात सिरिलो, सार्जंट आणि नेमेसियो, एवढेच होते. आणि लाकडी स्टुलावर मी.

"त्या माणसानं पाणी दिलं तुम्हाला?" सिरिलोने विचारले.

नेमेसियोने मान हलवली. "नाही."

सार्जंटने मांडीवर थाप मारली. "बघ! सांगत नव्हतो मी!"

"दिलं नाही त्यानं," नेमेसियो म्हणाला. "आम्ही घेतलं. ज्यांना उभं राहता येत होतं, त्यांनी खेचराचा लगाम धरला. तो पाया पडत होता आमच्या. म्हणत होता, तिकडे एक लहान पोर आहे, सिंदुल्फो नाव आहे, तो मरेल. एक तरी बाटली ठेवा. शेवटची बाटली पोटाशी धरून बसला होता. मग त्याच्या छातीला बंदूक लावली."

"कोणी लावली?"

"मी." नेमेसियोने आपल्या लंगड्या पायाकडे पाहिले. "निरोप ऐकला, तेव्हा बायको म्हणाली, नका जाऊ, कोणाला काय माहीत आहे. मी म्हटलं, त्या माणसाला माहीत आहे."

तेवढ्यात खोलीचे दार वाजले. देल्फिना दारातून बाजूला झाली होती आणि तानी बाहेर येऊन उभा होता. नेमेसियो त्याला बघून उठायला गेला, पण त्याचा पाय साथ देईना. तानीनेच पुढे होऊन त्याला खुर्चीत बसवले.

"खोटं का बोललास?" सिरिलोचा आवाज फाटला. "मी दिलं म्हणालास. मी तुला काय काय समजलो!"

"पाणी त्यांच्याच पोटात गेलं ना? मग खोटं काय?"

"त्यांनी हिसकावलं, एवढं म्हणायचं होतं!"

"जखमी माणसं होती, सिरिलो. निम्मी वाटेतच गेली असतील. त्यांचीही नावं कुठल्या तरी गावच्या दगडावर असतील. कुणाची तरी आई तिथे मेणबत्ती लावत असेल. तिला चोराची आई करून मी काय मिळवणार होतो?"

सार्जंटने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

सिरिलो खाली बघत होता. मग जे त्याने कधी देल्फिनालाही सांगितले नव्हते, ते तो बोलला. "शेवटी त्यानं पाणी मागितलं नाही, तानी. सिंदुल्फोनं. सारखं एकच विचारत होता. तानी आला का? तानी आला का? मला इतकी वर्षं वाटायचं, तो तुझ्या नावानं ओरडतोय. शिव्या घालायच्या त्या मीच घातल्या. तो बिचारा नुसता तुझी वाट बघत होता."

तानी अंगणातच खाली बसला आणि पोरासारखा रडला. सिरिलोही त्याच्याजवळ बसला. मग देल्फिनाने बर्फाचे पाणी आणले. सिरिलोने माझ्यात नवीन पाने भरली, पाणी ओतले आणि मला तानीच्या हातात दिले. त्याने नळीला ओठ लावले. मी त्याच्याबद्दल जे जे मनात आणले होते, ते सगळे त्या घोटाबरोबर खाली गेले. दुसरा घोट नेमेसियोला मिळाला, तोही तानीनेच आपल्या हाताने दिला.

सार्जंट हळूच म्हणाला, "गवंड्याला नको म्हणून सांगतो. पण जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत कसं ठेवायचं?"

"राहू दे की सार्जंट," तानी डोळे पुसत म्हणाला. "आज ना उद्या खरं होईलच."

दुसऱ्या दिवशी चौकात पहिल्या ओळीत तो आपल्या आईच्या जागी बसला.

मित्रांनो, शंका घेऊच नका, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझाच स्वभाव तसा आहे आणि आमच्या गावात शंका न घेणारे फार दिवस सुखाने राहिलेले नाहीत. पण ज्याच्यावर शंका घ्याल, त्याला उन्हात उभे करू नका. त्याला खुर्ची द्या, जेवायला वाढा आणि त्याचे म्हणणे खरे की खोटे हे शोधायला स्वतः आगगाडीत बसून जा. तुमच्या घरातही कोणी म्हातारा अंगणात बसून तीच तीच गोष्ट सांगत असेल. त्याच्याजवळ बसा आणि त्याला विचारा, की या गोष्टीतले कोण अजून भेटायचे राहिले आहे. तो नाव सांगेल. ते नाव शोधायला निघा. लवकर निघा, कारण ती माणसेही माझ्यासारखीच जुनी झाली आहेत.